नाकाने सोललेले कांदे

गायतानो, मांस अजून दगड आहे म्हणतोस,
आणि तेच बरं म्हणतोस.
अर्धवट गोठलेलं असलं की सुरी ऐकते,
कागदासारखे काप निघतात.
मऊ पडलं की नुसतं फाटतं.
एकतीस वर्षं हेच करत आलास
कोपऱ्यावरच्या त्या वाफाळलेल्या काचेमागे,
आणि मी आज पहिल्यांदा बघतेय.

घरात कधी करू दिलं नाही मी.
दारातच शर्ट उतरवायचास,
तळघराच्या जिन्यावरून तो थेट खाली, मशीनमध्ये,
जानेवारीतसुद्धा. बनियनवर कुडकुडत
वर यायचास.
तरी केसांत कांदा, कानांमागे कांदा,
लग्नाच्या अंगठीखाली कांदा.
मी उशी फिरवून झोपायचे.
शाळेच्या ऑफिसात इस्त्रीच्या कॉलरी घालून बसणारी मी,
जन्मभर नाकाने कांदे सोलले.
हाताने तू.

मग फेब्रुवारीतला तो ताप.
ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला.
येईल परत, डॉक्टरीण म्हणाली,
किंवा नाही येणार.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
साबण म्हणजे बुळबुळीत दगड.
मंगळवारी नासलेलं दूध पिऊन टाकलं मी
आणि ग्लास विसळून ठेवला.
त्याच रात्री तुझ्या मानेत तोंड खुपसलं
तर तिथं कुणीच नव्हतं.

म्हणून म्हटलं, कर. इथं, घरात.
तू असं बघितलंस
जणू मी चर्चमध्ये पत्ते मांडायला सांगितले.
मग काही न बोलता शर्ट काढलास,
जिन्याच्या कठड्यावर टाकलास. सवय.

बाहेर फिलाडेल्फियाचा करडा बर्फ.
सकाळी आपण उपसलेल्या जागेवर
आपली मोडकी खुर्ची बसलीय,
गाडी येईपर्यंत जागा धरून.
तुझ्या आत्याचा बिडाचा तवा.
त्यावर तळहात धरून तू मनात मोजतोस,
मी ओठ बघते: सहा, सात.
आधी कांदा. तो चरचरत नाही, कुजबुजतो.
"असा बोलायला लागला की ढवळायचं नाही."
मला ठाऊक नव्हतं, कांदा ऐकायचाही असतो.
मग मांस पडतं
आणि अख्खं स्वयंपाकघर एकदम बोलू लागतं,
आपल्या लग्नातल्या तुझ्या माणसांसारखं,
सगळे एकाच वेळी, कुणीच ऐकत नाही.
दोन उलथनी. खटखट, खट, खटखट.
पाठ सत्तरीची, मनगटं अजून तिशीतली.
मीठ शेवटी. वर प्रोवोलोनचे तीन काप,
आणि मग हात लावायचा नाही.
चीज आधी घामेजतं,
मग खांदे पाडतं,
मग कबूल होतं.
लांबट पाव उघडून त्यावर उपडा घालतोस, टोपीसारखा,
खालून उलथनं, एक हिसका.
फॉइलमध्ये घट्ट गुंडाळतोस.
"दोन मिनिटं. पावाला कळू दे."
काय कळू दे?
"आत कोण आहे ते."

इतक्यात धुराचा भोंगा किंचाळतो.
या घरात आता नाक फक्त छताला.
तू चांगल्या खुर्चीवर चढतोस, बनियनवर,
टॉवेल फिरवतोस, शिव्या घालतोस तुझ्या आजीच्या भाषेत,
आणि मला हसू आवरत नाही,
फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

मी फॉइल सोडते. चावते.
गरम कळतं. मीठ कळतं.
पावाचं कवच, मग ओलावा, मग ती तार
जी हनुवटीपर्यंत येते आणि तुटत नाही.
बाकी काही नाही. खोटं कशाला सांगू.

पण तो शर्ट आज मशीनमध्ये टाकू नकोस.
राहू दे कठड्यावर, उद्याही, परवाही.
नाक परत आलंच कधी,
तर त्याला घर सापडायला नको?

खुर्चीवरूनच तू ओरडतोस, भोंग्याच्या वरताण:
"अर्धं माझं आहे!"