सत्तर फूट अंथरूण

दुपारी चारनंतर मी रस्ता बघत नाही,
जागा बघते.
मोठे ट्रकस्टॉप साडेपाचला भरतात,
सहाला त्यांच्या मागची चिखलाची पट्टी,
सातला हायवेच्या उतारांवरही
शेपटीला शेपटी लावून झोपलेले लाल दिवे.
आणि आठला डॅशबोर्डवरचं घड्याळ म्हणतं, थांब.
कुठे, ते म्हणत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
माझे पाय सत्तर फूट आहेत,
आणि मागे बेचाळीस हजार पौंड वाळू,
मांजरांनी बसायची.

टॅड वॉयनारची वही शेजारच्या सीटवर असते.
डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला त्या दिवशी
त्यानं ती माझ्या मांडीवर टाकली,
"मार्लिस, धर,"
आणि बसने घरी गेला. खिडकीपाशी बसला नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या गावांची स्पेलिंगं त्यात चुकलेली,
इंच बरोबर.

*हेकर्सबर्गचा रेल्वेपूल. पाटीवर तेरा फूट आठ.
त्यानंतर दोनदा डांबर चढलं, पाटी तीच.
फोन म्हणेल इथूनच जा. फोनला छप्पर नसतं.*

*सेंट सिरिलचं आवार. शनिवारी नको.
रविवारी म्हाताऱ्या लवकर येतात
आणि बॉनेटवर हात शेकतात.*

*गालिच्यांचा बंद कारखाना, मागच्या अंगाला सहा ट्रक.
राखणदार ऑर्व्हिल. पैसे घेत नाही,
बातम्या घेतो. दोन तरी तयार ठेव.*

आज माझ्याकडे तीन होत्या.
पण कारखान्याचं गोदाम झालंय.
ऑर्व्हिलच्या खुर्चीच्या जागी खांब, खांबावर कॅमेरा,
फाटकावर पाटी: रात्री ट्रक उभे करू नयेत.
आतल्या प्रत्येक खोक्याला
कुणीतरी ट्रकनंच आणलं असणार.

एकतीस मिनिटं.
हेकर्सबर्गला वळसा घालून खाली उतरले तर
पुलाच्या तोंडाशी एक ट्रेलर, चारही दिवे लुकलुकत,
मागे अकरा मोटारी, सगळ्यांचे हॉर्न वेगवेगळ्या सुरांत.
ड्रायव्हर खाली उभा राहून
पूल वितळेल अशा आशेनं वर बघत होता.
तलांत, किर्गिझस्तानचा, सध्या ओहायोचा,
हायवेवर त्याचा चौथा आठवडा.
"फोननं सांगितलं," तो म्हणाला.
"माहीत आहे," मी म्हटलं.

मोटारवाल्यांना एकेक करून मागे घेतलं.
एक बाई म्हणाली, मला उशीर होतोय.
मी म्हटलं, मलाही.
मग टॉर्च घेऊन मी उलटी चालत राहिले,
डावं, डावं, थांब, सरळ कर, आता उजवं,
तीनशे पावलं,
त्याच्या आरशात माझा हात दिसतोय एवढीच त्याची भाषा
आणि एवढीच माझी.

घड्याळ कधीच लाल झालं होतं.
सतरा मिनिटं जास्त. पडद्यावर प्रश्न: कारण?
यादीत बर्फ होता, अपघात होता, बिघाड होता.
खाली रिकाम्या चौकटीत मी लिहिलं, "पूल."
यावर कुणीतरी मला फोन करेलच.

शेवटी काउंटीच्या मिठाच्या शेडमागे
दोघांनी ट्रक घातले, नाकाला नाक.
तलांतनं थर्मासमधला चहा दिला, आत लोणी होतं की काय,
मी विचारलं नाही, दोन कप प्याले.
त्यानं वही चाळली. वाचता येत नव्हतं टॅडचं अक्षर,
तरी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पुढे सरकत होता.
एक पान फोटोसाठी मागितलं.
मी म्हटलं, सगळीच काढ.

पहाटे चार दहाला दारावर टकटक.
टोपीखाली दाढी, दाढीत बर्फ,
हातात फावडं.
मनात आलं, संपलं, हाकलणार.
"सहा फूट पुढे घे फक्त," तो म्हणाला,
"मला मीठ काढायचंय. मग झोप."

सहा फूट पुढे घेतलं.
दिवा लावला, पेन्सिल शोधली,
टॅडच्या शेवटच्या ओळीखाली:
*मिठाची शेड. दोन ट्रक मावतात.
डाव्या हाताला सहा फूट सोडायचे.
बर्फ असेल तर आठ.*