पाइपाचं वेटोळं

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी
न्हाणीच्या उंबऱ्यावर नलूचं मनगट मोडलं.
तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे.
चौतीस वर्षं वीज मंडळात
दुसऱ्यांच्या मीटरचे आकडे तपासले,
आणि अजून कळत नाही
कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की चार.

आज सकाळी दूध उतू गेलं.
नळाला पाणी आलं तेव्हा हात कणकेत होते,
हात धुवायला गेलो तर नळ गेलेला.
मिक्सरचं झाकण कुठल्याच भांड्याला बसेना.
रत्नमालाचा फोन : काका, आज नाही येत, पाहुणे आले.
खुर्चीतून नलू सांगते,
"अहो, आधी मोहरी."
मोहरीच घातली होती. तडतडली नाही
त्यात माझा काय दोष?
मी चमचा ओट्यावर आपटला
आणि मागच्या बाल्कनीत आलो,
स्वतःशीच पुटपुटत.

तिथं खिळ्यावर कुलरचा निळा पाइप,
गेल्या जूनपासून गुंडाळलेला,
आणि त्या वेटोळ्यात
काड्या, कोळिष्टकं, सुतळीचे दोरे,
चॉकलेटचा एक चंदेरी कागद.
मधोमध बुलबुलीण. शेंडी ताठ.
ती माझ्याकडे पाहत होती
जसा मीच भाडेकरू,
तोही तीन महिने थकवलेला.

वरच्या मजल्यावरचे ठवकर म्हणाले,
"काढून टाका न जी तो पाइप.
पाखरांचं काय, दुसरीकडं जातीन."
मार्च संपत आला होता. पारा चाळीसला टेकलेला.
ताट्या नव्या भरल्या होत्या, वाळ्याच्या,
कुलर कोरडा.
नलू म्हणाली, बादलीनं भरा.
मी भरला.
चौदा बादल्या.

गुढी यंदा पुढच्या खिडकीला उभारली,
मागे गडबड नको म्हणून.

अंडी तीन. गुलाबी,
वर कुणी पान थुंकल्यासारखे विटकरी ठिपके.
मग एका सकाळी ठिपके नव्हते,
होती तीन तोंडं, लाल,
अंगापेक्षा मोठी,
आणि आईबापांची खेपांवर खेप.
कडुलिंबात तांबट दिवसभर टुक टुक,
जसा कुणी मोटर बंद करायला विसरलाय.

एकदा बापानं आख्खा नाकतोडा आणला.
पिल्लाच्या तोंडात मावेना.
त्यानं परत ओढून घेतला,
कठड्यावर आपटला, तंगड्या मोडल्या,
पुन्हा भरवला. नाही गेला.
पुन्हा काढला. पुन्हा आपटला.
मी मोजत होतो, जुनी सवय :
पाच वेळा.
आपटणं त्याचंही होतं,
पण त्यातनं कुणाचं तरी पोट भरत होतं.

नलूलाही स्टूल आणून दिलं.
दोघं बघत बसलो,
घरात वास सुटेपर्यंत.
वरण तळाला लागलं होतं, चांगलं काळंभोर.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती हसली,
गळ्यातली झोळी हलेपर्यंत हसली,
पडल्यापासून पहिल्यांदा.
त्या दिवशी भात आणि लोणचं.

दोन पिल्लं शनिवारी गेली,
आधी दोरीवर, मग शेवग्यावर,
मग दिसली नाहीत.
तिसरं एक दिवस तसंच बसून राहिलं.
सोमवारी वेटोळं रिकामं.
उडालं की पडलं, आम्ही पाहिलं नाही.
खाली ठवकरांची मांजर असते.
जिना उतरून बघायला
मी गेलो नाही,
तीही जा म्हणाली नाही.

धंतोलीत डॉक्टरांनी प्लास्टर कापलं.
आतलं मनगट
बारीक, सालटं निघालेलं, उजेडाला न सरावलेलं,
पिसं फुटण्याआधीचं.
मी ते हातात धरलं तर
वजनच लागेना.
रोज काहीतरी मळा, म्हणाले डॉक्टर.

संध्याकाळी तिनं माझ्या कणकेत बोटं घातली.
दुखलं असणार, ओठ दाबलेले.
"किती पाणी ओतलंत हो," एवढंच म्हणाली
आणि मूठभर पीठ मागितलं.

पाइप अजून खिळ्यावरच आहे.
आता सोळा बादल्या लागतात.