कळायच्या आत

पहिल्या खेपेला बावीस तास लागले होते,
म्हणून या वेळी मी निवांत.
पिशवी भरायची होती अजून.
मटकी फडक्यात बांधून ठेवली होती उसळीसाठी,
आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
दर पाच मिनिटांनी कळ आली की निघा, घाई नको.

पाच मिनिटं कुठली.
तीन चाळीसला लघवीला उठले
आणि ऐरोलीतली ती एवढीशी खोली
एकदम माझ्या कमरेभोवती आवळली.
लाट म्हणतात, पण लाट परत तरी जाते.
हे नुसतं येत होतं.

निशिकांत महापेला, रात्रपाळीवर,
फोन त्याचा लॉकरमध्ये, नेहमीसारखा.
चार वर्षांचा तन्मय गोधडीत, पाय उशीवर.
मी मोरीच्या उंबऱ्याला धरून खाली बसले
आणि हाताला लागला तो तांब्या घेऊन
भिंत ठोकली.

सिडकोच्या त्या भिंतीला एरवी किती नावं ठेवली मी:
शेजारचा खोकला ऐकू येतो, भांडण ऐकू येतं,
फोडणीत लसूण पडला तेही.
त्या रात्री पलीकडे हिराबाई मढवी जाग्या होत्या,
मासळीसाठी धक्क्यावर निघालेल्या,
पाटी उचलायच्या बेतात.
दार मी उघडलं की त्यांनी ढकललं
आजही ठरत नाही.

"गो बाय, डोका आयलाय," म्हणाल्या.
मी म्हटलं, नाही, अजून वेळ आहे.
खरंच म्हटलं. अजून वेळ आहे.
एकशे आठला फोन लावा म्हटलं,
दुपटी धुवायची राहिलीत म्हटलं,
मटकीवर पाणी शिंपडायचंय,
आणि मध्येच माझ्या घशातून एक आवाज निघाला,
गाईचा म्हणावा तर
गाय एवढी रागावत नाही.

चार वाजून दोन मिनिटं.
ती हिराबाईंच्या हातांत, निळसर,
मग लाल, मग सगळी चाळ उठवणारी.
नाळ तशीच ठेवून त्यांनी तिला माझ्या पोटावर दिलं,
वरून स्वतःचं धुतलेलं लुगडं टाकलं.
तन्मय उठून बसला. म्हणाला, "हे कोणाचं?"

मला क्षणभर उत्तर आलं नाही.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्याला बावीस तास, हिला बावीस मिनिटं,
हिशेब कोणीतरी मुद्दाम जुळवल्यासारखा.
दात वाजत होते माझे. थंडी काही तेवढी नव्हती.

सगळे म्हणाले, सुटलीस बाई.
जाऊबाई म्हणाल्या, नशीबवान, कळाच नाहीत.
सासूबाईंनी गावाला फोन केला, मोकळी झाली.
मोकळी?
माझं शरीर पुढे निघून गेलं होतं
आणि मी मागे दारात
चपला शोधत होते.
कळा म्हणजे, आता वाटतं,
कळण्यासाठी दिलेला वेळ.
मला तो मिळाला नाही.
मला थेट मुलगी मिळाली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो
तर मटकी फडकं फोडून बाहेर,
बोट बोट मोड, आंबूस वास.
निशिकांतने न बोलता टाकून दिली.
पुढे विभाग कार्यालयात खिडकीमागच्या माणसाने विचारलं,
रुग्णालयाचं नाव?
घरी, म्हटलं.
घरी म्हणजे नक्की कुठे?
मोरी आणि ओट्याच्या मध्ये.
त्याने लिहिलं: राहते घर.

आता ती नाचणीच्या एका चमच्याला अर्धा तास लावते.
लावू दे.
हिराबाई येताजाता थांबतात,
खवल्यांचे हात पाठीमागे धरून
नुसत्या बघतात.

कधी तीन चाळीसला मला जाग येते.
भिंतीपलीकडे पाटी वाजते.
मी पडल्या पडल्या पिशवी भरते:
दुपटी, टोपडं, चादर, फाईल.
पहिली कळ येऊ देते. जाऊ देते.
पाच मिनिटं मोजते, पूर्ण.
मग दुसरी.
घाई नाही.
अजून डोकं दिसलेलं नाही.