पासंग

संघाला साठ वर्षं झाली.
स्मरणिका निघणार, आर्ट पेपरवर.
अध्यक्ष म्हणाले, धुरंधर बाई, इतिहास तुम्हीच लिहा,
चार पानं पुरेत,
मागे जाहिराती आहेत.

म्हणून निवृत्तीनंतर पुन्हा मी इथे,
नागदेवी स्ट्रीट, तिसरा मजला,
समोर इतिवृत्तांची अकरा बाडं,
खाली कुणीतरी हातगाडीवर लोखंडी पाइप आपटतंय.

अखिल भारतीय तराजू व वजन उत्पादक संघ.
पहिल्या सभेला हजर सात.
सावरकुंडल्याचे तिघे, अंगावर रात्रभराची कोळशाची धूळ,
अंबाल्याचे एक, औषधं तोलायचे नाजूक काटे करणारे,
ताहेरभाई काँटावाला, ज्यांची ही जागा,
आणि दोन सह्या, ज्यांवर पाणी सांडलंय.
ठराव पहिला : संघ असावा.
ठराव दुसरा : चहाचा खर्च ज्याचा त्याने करावा.

मग शेर गेला, किलो आला.
तीन सभा नुसत्या गोदामांवर.
मण, पासरी, अदशेर, पावशेर, नवटाक,
ओतलेलं, घासलेलं, शिक्का मारून ठेवलेलं सगळं
भट्टीवाल्याकडे गेलं.
त्याने शेरांचे पैसे किलोने दिले.
यादीच्या खाली बारीक अक्षरात : नवटाक, नग एक कमी.
नानजीभाई कोटाच्या खिशात हात घालून
जिना उतरले होते म्हणे.
हे इतिवृत्तात नाही. हे मला सोनूने सांगितलं.

सदुसष्टचं एक पान ब्लेडने कापलंय, फार सफाईने.
त्या वर्षी खजिनदार बदलले.
पोकळ वजनं, एवढंच ऐकून आहे.
मापात पाप नको, असं आम्ही दरसाल
दिनदर्शिकेवर छापत होतो, गिऱ्हाइकांसाठी.

मी आले एकाहत्तरला, टंकलेखिका म्हणून.
शहाऐंशीला चिंचवडचा एक पोरगा आला,
बगलेत डबा, डब्यावर लाल आकडे.
सभासदत्व द्या म्हणाला.
ज्याला काटाच नाही त्याला काटा कसं म्हणायचं,
यावर दुपारभर वाद.
विरोधात एकोणीस, बाजूने चार.
नकाराचं पत्र मीच टाइप केलं, तीन कार्बन लावून.
तोच टिपणीस आज अध्यक्ष आहे.
ते पत्र त्याच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय,
खाली डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.
चहा देताना तो दरवेळी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.
माझ्यासाठी की स्वतःसाठी, विचारलं नाही.

आणि खिडकीतला पितळी तराजू.
टपाल तोलायला ताहेरभाईंनी दिलेला.
पहिल्यापासून डावं पारडं हलकं.
तराजूवाल्यांच्या संघाचा तराजू, दुरुस्तीला कुणाकडे पाठवायचा?
ज्याच्याकडे पाठवू तो बोभाटा करणार.
शेवटी सोनू तांडेलने
आपल्या खाकी कोटाचं बटण तोडून
दोऱ्याने बांधलं साखळीला.
तीस वर्षं देशभर गेलेलं प्रत्येक परिपत्रक,
प्रमाणित वजनांविषयीचं, अचूकतेविषयीचं,
त्या बटणाच्या भरवशावर तोललं गेलं.
एकदा निरीक्षक आले. बटण पाहिलं.
अजून एक कप मागितला.

अकरा बाडांत सोनूचं नाव नाही.
एका ठिकाणी आहे : शिपायास छत्री मंजूर, जुनी.
कोट मात्र तो शेवटपर्यंत
वरचं बटण नसलेलाच घालत होता,
समुद्राकडून वारा आला की गळ्याशी मूठ धरून.

टिपणीस वाचतील. भट्टी ठेवतील, ब्लेड काढतील,
निरीक्षकाचा कप नक्कीच काढतील.
बटणाचं ठरवता येत नाही.

आता टपाल कुरिअरवाला नेतो, त्याच्याकडे त्याचा डबा असतो.
तरी निघताना मी पानं पारड्यात ठेवली.
चार कागद. दोऱ्याला बटण आहे अजून.
वीस ग्रॅम.
आर्ट पेपरवर जड भरतील.