तिघी एकच असल्याबद्दल

उद्या साडेअकराला बोलावलंय हुद्दार वकिलांनी,
निपाणी कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत.
फोनवर म्हणाले, ओरिजिनल सगळी आणा,
दोन फोटो, बाँड,
आणि आईंना घरी काही करायला लावू नका,
अंगठा माझ्यासमोरच.

कॉटवर मांडलेत कागद.
विडी कारखान्याच्या पुस्तकात चांगुणा भरमा चौगुले.
रेशन कार्डावर, कानडीत, चंगव्वा बरमप्पा चौगला.
आधारवर छंगुना,
जन्म एक जानेवारी,
कारण 'तंबाखू कापून झाल्यावर पंधरा दिसांनी'
असं त्या पोराला टाइप करता आलं नाही.

फंडाचे पैसे तिघींच्या मध्ये अडकलेत.

आई पदराला हात पुसत येते.
"तिघी एकच म्हणून लिहून देतो मी, व्हय?
खरं, खोटं पडंल की ते.
रेशनच्या रांगेत उभारायची ती चंगव्वा,
कानडीत भांडायची मास्तराशी,
माझ्यापेक्षा धीट होती ती."

देतो, म्हणते आई. करतो, येतो.
गल्लीतल्या सगळ्याच बायका तसं बोलतात,
शाळेनं माझं तेवढं 'करते' केलं.
प्रतिज्ञापत्रात काय असेल कोण जाणे.
ते इंग्रजीत आहे.

"वकील नाव विचारला तर कुठलं सांगू?"
पुस्तकातलं सांग, म्हणते मी.
ती ओठातल्या ओठात म्हणून बघते,
चांगुणा, चांगुणा,
शेजारणीला हाक मारावी तशी.

मग तिला आठवतो अंगठा.
चाळीस वर्षं पानं वळून रेषा गेल्यात,
बँकेतलं मशीन तिला दर वेळी परत पाठवतं.
खोबरेल चोळते, पुसते,
तव्याच्या बुडाची काजळी लावते
आणि हेस्कॉमच्या जुन्या बिलामागं दाबते.
डाग.
पुन्हा डाग. वाटाण्याएवढा, गुळगुळीत.
मी म्हणते झोप आता, तिथं पॅड असतंय.
ती ऐकत नाही.

सातव्या की आठव्या वेळी,
पत्र्याचं नख बसायचं त्याच्या खालच्या अंगाला,
तीन-चार बारीक रेघा.
"ही आली बघ."

कुठली, ते मी विचारत नाही.

बिल वाळेपर्यंत ती फुंकर घालत बसते,
मग घडी न घालता फाइलीत सरकवते,
बाँडच्या वर.
असू दे, म्हणते,
ओरिजिनल हाय.