शेऱ्याचा रकाना

पाणीपुरवठ्याच्या वहीला पाच रकाने.
तारीख, वॉल नंबर, सुरू, बंद,
आणि शेवटचा शेरा.
पहिले चार अरुंद, शेरा ऐसपैस.
ज्यानं ही वही आखली
त्याला माणूस चांगला ठाऊक असणार.

तीन वर्षं मी तो रकाना भरला.
लाईट नव्हती.
वरून दाब कमी.
फुटबॉलमध्ये कचरा.
चावी सापडेना.
एकदा तर, खोटं कशाला सांगू, ‘धुकं’ लिहिलं.
आमच्या विट्याच्या माळावर, ऐन एप्रिलात.

तसं बघितलं तर
वही हातात यायच्या आधीपासनं मी शेरेच लिहीत होतो.
भरतीला सोळाशे मीटरात दोन सेकंदांनी गेलो :
ट्रॅक ओला होता.
आयटीआय सुटलं : मास्तर खडूस.
मामासंगं गलईला गेलो सेलमला, पाचव्या महिन्यात परत :
तिकडचा भात मानवला नाही.
ट्रॅक तर माझ्या पुढं पळालेल्या पोरांनाही ओलाच होता.
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग ती चैत्रातली पहाट.
चार नंबरचा वॉल, शिकलगार गल्ली, वेळ साडेचार.
मोबाईल वाजला, मी त्याचा गळा दाबला
आणि भिंतीकडं तोंड केलं.
सातला जागा झालो तेव्हा
तीन नंबरचा वॉल तसाच उघडा,
सगळी टाकी खालच्या गटारीनं
ओढ्याला जाऊन मिळालेली.

जैबूनचाची दारात उभी होती.
दोन रिकाम्या घागरी, त्या दिवशी घरात नातवाचं बारसं.
म्हटली,
‘लाईट नव्हती व्हय रं, बाळा?’
मी मान हलवली.
तिच्या मागं, उंबऱ्याच्या वर,
चाळीसचा बल्ब जळत होता.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.
भांडायला मला येतं.
पण आयता शेरा कुणी असा
ओंजळीत आणून द्यावा,
आणि आपण तो घ्यावा!

पंचायतीत गेलो, वही उघडली.
‘ला’ लिहिला. पुढं पेन चालेना.
शाई होती.
बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसलो.
मग ‘ला’ खोडला आणि लिहिलं :
मी उठलो नाही.

भाऊसाहेब म्हटले, असलं लिहीत नसतात हिंदुराव,
तपासणी असते, लाईट नव्हती कर.
मी म्हटलं, लाईट होती.
ते माझ्याकडं बघत राहिले,
गावात नवीन माणूस आल्यागत.

एका दिवसाचा पगार कापला.
दुसरं काही घडलं नाही.
छाती फुगली नाही, रात्री झोप नेहमीसारखीच लागली.
दुसऱ्या दिवशी उठलो, तिसऱ्या दिवशी उठलो,
अकराव्या दिवशी परत झोपलो.
परत तेच तीन शब्द.
ते लिहिताना हात अजून जड होतो.
त्या जडपणाला भिऊनच
बऱ्याचदा पाय अंथरुणाबाहेर पडतो,
हेही इथं नोंदवतो.

बाकी उमेद कसली म्हणाल,
तर चावी फिरवली की आधी पाणी येत नाही.
आधी हवा येते.
सगळी गल्ली म्हाताऱ्यासारखी खाकरते,
नळ थुंकतात, गढूळ दोन गुळण्या टाकतात.
तेवढा वेळ अंधारात थांबायचं.
मग कुठंतरी एक कळशी वाजते,
तिचा आवाज भरत भरत बारीक होतो.

परवा सहज मोजलं.
माझ्या दारापासनं चार नंबरपर्यंत
सोळाशेला थोडंच कमी.
खांद्यावर लोखंडी चावी घेऊन
मी ते रोज पळत जातो.
ओलं असलं तरी.
सेकंद कुणी मोजत नाही.
जैबूनचाचीचा बल्ब तेवढा
मी पोचायच्या आधी लागलेला असतो.