रकाना सात

उल्स्टाच्या धक्क्याला बोट लागते तेव्हा
डॉक्टर इंगा इझ्बिस्टर गाडीतच बसलेली असते,
इंजिन चालू, काच अर्धी खाली, मांडीवर फोन.
मी वर्षातून एकदा येतो,
तिचं वर्षभराचं काम वाचायला,
परवाना पुढे चालवावा की नाही ते वर कळवायला.
येल बेटावरची माणसं मला ओळखतात आता :
आला बघा, डॉक्टरीणबाईंचा डॉक्टर.
चुकतात. मी फक्त कागद तपासतो.

कागद चोख आहेत.
पन्नास गुण लागतात, हिचे त्र्याहत्तर.
टाके घालण्याची उजळणी, इन्व्हर्नेस, दोन दिवस.
लहान मुलांचा दमा, ऑनलाइन,
वेळ : पहाटे दोन चाळीस.
दोन चाळीसला? मी विचारतो.
जागीच होते, ती म्हणते. वेळ वाया कशाला घालवा.

रकाना चार : कठीण प्रसंग, आणि त्यातून काय शिकलात.
मर्यादा अडीचशे शब्द.
हिने एवढंच लिहिलंय :
*मॅग्नस मूअट, वय एकसष्ट, छातीत कळ.
एवढा वारा असला की हेलिकॉप्टर उतरत नाही.
हे मला आधीच माहीत होतं.*

बाहेर मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या.
दुपारचे अडीच वाजलेत
आणि डिसेंबर दिवसाची आवराआवर करतोय.
मॅग्नसची बायको पुढच्याच आठवड्यात आली होती,
इंगा सांगते, कान धुऊन घ्यायला.
मी धुतले. दुसरं काय करणार होते?
तिला नीट ऐकू यायला लागलं.
म्हणाली, घर फारच शांत झालंय हो.

मग रकाना सात. तुमची स्वतःची प्रकृती.
*ठीक.*
मागच्या वर्षी ठीक. त्याच्या मागच्याही.
नऊ वर्षं एकच शब्द,
बहुधा उचलून पुढच्या पानावर चिकटवलेला.

तुझा डॉक्टर कोण?
या बेटावर? मीच.
आणि लर्विकला?
तिथे तिघं आहेत. दोघांना मी शिकवलंय,
तिसऱ्याशी माझं लग्न झालं होतं.

हसून होतं आमचं.
रक्तदाब कधी मोजलास?
मार्चमध्ये, पट्टा बिघडलाय का ते बघायला.
किती आला?
पट्टा ठीक होता.

हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल,
हे मला कुणी शिकवायला नको.
येताना बोटीत मीही एक गोळी गिळली,
डबीवर ज्याची सही आहे
त्याच माणसाची दाढी मी रोज आरशात करतो.
हे तिला सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही.
कुठल्याच रकान्यात ते बसत नव्हतं.

ती काही बोलली नाही. लोकरीची बाही वर सारली.
हेही नियमात बसत नाही,
तपासनीसाने फक्त फॉर्म तपासायचा असतो.
पट्टा फुगत गेला, तिच्या दंडाभोवती आवळला,
आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.
दुसरा हात आपसूक निघाला टेबलाकडे,
तीस वर्षांची सवय, मेंदूला न विचारता.
हलू नकोस, मी म्हणालो.
फोन वाजत राहिला,
सहा वेळा, सात वेळा.
मग थांबला.
एवढा वेळ ती कधी
कुणाच्या हातात हात देऊन बसली असेल
कुणास ठाऊक.

आकडे आले. मी वाचून दाखवले नाहीत,
तिनेही विचारले नाहीत,
दोघांनाही दिसत होते.

तिने आधी फोन लावला. कुलिव्होची म्हातारी,
गोळ्या संपल्या होत्या, जीव नव्हता चालला.
मग बाही खाली ओढत म्हणाली,
शेवटची बोट पाच दहाला आहे, तुम्ही निघा.
आणि मी कोट चढवताना, पाठमोरी :
थोरा इंक्स्टरला विचारून बघते.
शिकत होती तेव्हा
हात फार गार असायचे तिचे.